बाबांना सगळं पाठ आहे, पण ऐन वेळी हात चालत नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नागपूरला नोकरी करणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. वडील ६१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आई-वडील दोघंच वर्धा जिल्ह्यातल्या गावी राहतात. मधुमेह जुना आहे. सहा महिन्यांपूर्वी गोळ्यांच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिनचं (झटपट आणि संथ असे दोन भाग एकत्र असलेलं) इंजेक्शनचं पेन सुरू झालं. दवाखान्यातल्या मधुमेहाच्या वर्गाला वडील गेले, वहीत सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं. आणि तरीही गेल्या महिन्यात संध्याकाळी अंगणात बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम फुटला, ते काहीबाही बोलायला लागले, कुणी काही विचारलं की चिडायला लागले. आईला वाटलं बीपी लो झालं. तिने मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं. शेजारच्या मुलाने ग्लुकोमीटर शोधून तपासलं तेव्हा शुगर ५२ होती. ग्लुकोजचं पाकीट स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर होतं. दुसऱ्या दिवशी लेकीने विचारलं तर वडिलांनी नियम घडाघडा म्हणून दाखवले. ताई विचारतात: यांना सगळं येतं, मग करत का नाहीत? हा हट्ट आहे, निष्काळजीपणा आहे की वय? इंजेक्शन द्यायला दोन वेळा नर्स लावू, की दोघांना नागपूरला घेऊन येऊ? भाऊ म्हणतो, दंडाला शुगर सतत मोजणारा सेन्सर लावला की प्रश्न मिटेल.

ताई,

तुमचं पत्र वाचताना तुमची रात्रीची झोप उडाली असणार हे कळत होतं. तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट सांगते. ५२ ची ती नोंद डॉक्टरांच्या कानावर अजून घातली नसेल तर आज फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शुगर ७० च्या खाली गेली की ‘लो’, आणि ५४ च्या खाली गेली की मेंदूलाच साखर अपुरी पडू लागते. इन्सुलिनसोबत शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल, तर डोसच बदलावा लागू शकतो. सकाळी घेतलेल्या मिक्स इन्सुलिनमधला संथ भाग दुपारभर आणि संध्याकाळपर्यंत काम करत असतो. त्या दिवशी दुपारचं जेवण कमी झालं होतं का, संध्याकाळचं खाणं चुकलं होतं का, शेतात किंवा बाजारात जास्त चालणं झालं होतं का, हे आठवून लिहून ठेवा. डॉक्टरांना तेच हवं असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ‘यांना सगळं येतं, मग करत का नाहीत?’ यातल्या ‘सगळं येतं’ या शब्दांपाशी मी थांबले. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना नियम विचारलेत तेव्हा ते पोट भरून खुर्चीत बसले होते, शुगर जागेवर होती, समोर लेक होती. संध्याकाळी अंगणात यातलं काहीच नव्हतं. लो शुगरचा घाला पडतो तो विचार करण्याच्या शक्तीवरच. ज्या डोक्याने नियम आठवायचा तेच डोकं त्या घटकेला चालत नसतं. चिडणं, ‘मला काही झालं नाही’ म्हणणं ही त्या आजाराचीच लक्षणं आहेत. त्यामुळे हट्ट आणि निष्काळजीपणा हे दोन्ही शब्द तूर्त बाजूला ठेवा. बाबांना नियम माहीत आहेत, पण नियमाप्रमाणे हात चालवायची सवय त्यांना कधी कुणी लावलीच नाही. आणि आईंना तर वर्गाला बोलावलंच नव्हतं. त्या संध्याकाळी सगळा भार होता तो आईंवर.

आपल्याकडे मधुमेहाचं शिक्षण म्हणजे बहुधा भाषण असतं. तक्ता दाखवतात, पेन हवेत धरून दाखवतात, समोरचे माना डोलावतात, निघताना पत्रक मिळतं. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. एवढ्या गर्दीत एका माणसाच्या वाट्याला किती मिनिटं येणार? तरीही मला मनापासून वाटतं की दहाच मिनिटं मिळाली तरी त्यांतली निदान पाच पेशंटच्या हातात पेन देण्यात जायला हवीत. विमान चालवणाऱ्यांसाठी जमिनीवर बसून सराव करायचं यंत्र एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास तयार केलं. बंद पडलेलं हृदय दाबून चालू करण्याचा सराव १९६० च्या दशकापासून बाहुलीवर होतो. डॉक्टर, नर्स हे सगळे अशा नकली प्रसंगांवर शिकतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात. पण मधुमेहात रोजचे निर्णय घेणारा माणूस डॉक्टर नसतो, पेशंट स्वतः असतो; आणि नेमकं त्यालाच सरावाशिवाय थेट प्रयोगाला उभं केलं जातं. जिनिव्हात डॉक्टर जाँ-फिलिप अस्साल यांनी १९७५ मध्ये मधुमेहींना शिकवण्यासाठी वेगळा विभाग सुरू केला, त्यामागे पेशंटलाच त्याच्या उपचारात तयार करायचं हा विचार होता. ब्रिटनमध्ये टाइप १ च्या प्रौढांसाठी ‘डॅफ्ने’ नावाचा पाच दिवसांचा वर्ग असतो. तिथे मंडळी खरं जेवण समोर घेऊन डोसचा हिशोब करतात, दुसऱ्या दिवशी आकडे बघून चुका एकत्र बसून उलगडतात. २००२ साली त्याची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत शुगरचं नियंत्रणही सुधारलं होतं आणि जगण्यातलं समाधानही.

वर्ध्याजवळच्या गावात असला वर्ग नाही, हे मला माहीत आहे. पण रंगीत तालीम घरी करता येते. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान तुमच्या घरात आधीच आहे.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पहिल्या दिवशी फक्त बघा. बाबा नेहमीसारखं इंजेक्शन घेत असताना शेजारी बसा आणि जीभ आवरा, मधे काही सांगू नका. (डोसचा आकडाच चुकताना दिसला तर मात्र लगेच थांबवा.) त्यांचं मिक्स इन्सुलिन दुधासारखं गढूळ असतं आणि ठेवल्यावर तळाशी बसतं. ते तळव्यांमध्ये दहा वेळा हलके फिरवतात का, दहा वेळा वर-खाली करतात का? सुई लावल्यावर दोन युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब येतो का ते बघतात का? बटण दाबल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई आत ठेवतात, की लगेच काढतात? पोटावर रोज एकाच ठिकाणी टोचतात का? हात फिरवून बघा, तिथे मऊ गाठ लागते का? अशा गाठीत इन्सुलिन कधी नीट शोषलं जातं, कधी नाही, आणि शुगर कारण नसताना वर-खाली होते. तीच सुई आठवडाभर वापरतात का? यातलं निम्मं वहीत लिहिलेलं सापडेल आणि हातात नसेल. त्यात नवल काही नाही.

मग सरावाला बसा. पूर्वी हॉस्पिटलांत संत्र्यावर इंजेक्शन शिकवायचे. नागपूरकरांना संत्र्याची काय कमी! जाड स्पंजही चालतो. दवाखान्यात नमुन्याचं पेन मागून बघा, बऱ्याच ठिकाणी ते असतं. नसेल तर जुनी, मुदत संपलेली कार्ट्रिज (पेनमध्ये बसवायची इन्सुलिनची नळी) सरावासाठी ठेवा, तिला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा आणि खऱ्या इन्सुलिनपासून लांब, वेगळ्या डब्यात ठेवा. संत्र्यात गेलेली सुई शरीरात जाता कामा नये, ती तिथल्या तिथे जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. या सरावाचा एक नियम सांगते: बाबांनी करायचं आणि आईंनी मोठ्याने टप्पे सांगायचे. दुसऱ्या फेरीत उलट. आईंना इंजेक्शन देता आलं पाहिजे, म्हणजे बाबा आजारी पडले तर घर अडणार नाही.

आकड्याची खिडकी दाखवून ‘किती दिसतं?’ असंही विचारा. बरेच लोक खिडकी न बघता टकटक आवाज मोजून डोस लावतात, कारण आकडा नीट दिसत नाही आणि तसं सांगायची लाज वाटते. जुन्या मधुमेहात डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा असतोच. ज्याला तुम्ही हट्ट समजत होता तो मोतीबिंदू निघाला, असंही होऊ शकतं.

आता ती अंगणातली संध्याकाळ. हा प्रसंग मुद्दाम पुन्हा उभा करा. बाबांना खुर्चीत बसवा आणि आईंना सांगा, ‘यांना घाम आलाय, उलटसुलट बोलतायत. आता तू काय करशील?’ मोबाइलवर वेळ लावा. मीटर कुठे आहे, पट्टीची डबी कुठे आहे, सुई टोचायचं यंत्र कुणाला चालवता येतं? आईंना पट्टी मीटरमध्ये कुठल्या बाजूने घालायची हेच ठाऊक नसेल, तर तो शोध ५२ शुगरच्या वेळी लागण्यापेक्षा आज लागलेला बरा. खरी शुगर नेहमीसारखी तपासू दे, पण आकडा तुम्ही कागदावर लिहून द्या: ५८. पुढे?

पुढे पंधरा ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, अर्ध्या कप पाण्यात. सरावात मात्र नुसतं पाणी प्यायचं, ग्लुकोज खरंच दिलंत तर शुगर विनाकारण चढेल. आणि हे अगदी ठासून सांगते: सराव खरा वाटावा म्हणून जेवण टाळून किंवा जास्त इन्सुलिन घेऊन शुगर पाडण्याचा प्रयोग कुणीही, कधीही करायचा नाही.

ग्लुकोज दिल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. ही पंधरा मिनिटं सरावातही पूर्ण काढा, कारण घरातली माणसं चुकतात ती इथेच. समोरचा अजून थरथरतोय म्हणून आधी गूळ, मग पेढा, मग चहा, मग पोळी असं चालू राहतं आणि रात्री शुगर ३०० ला पोचते. घड्याळाकडे बघत हातावर हात ठेवून बसणं अवघड असतं, त्याचाही सराव लागतो. पंधरा मिनिटांनी ‘६४’ लिहिलेला दुसरा कागद द्या, म्हणजे पुन्हा एकदा तेच करायचं हे कळेल. मग ‘९२’. त्यानंतर जेवणाची वेळ लांब असेल तर थोडं खाणं. बाबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का ते पाकिटावर बघा. असेल तर साखर, गूळ, पेढा यांचा उपयोग उशिरा होतो, ग्लुकोज पावडरच लागते. बीपीची किंवा हृदयाची गोळी बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या) प्रकारची असेल तर छातीत धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. म्हणजे तुमच्या घरी घाम हीच धोक्याची घंटा असू शकते, ही गोष्ट आईंच्या मनात पक्की बसवा.

दुसऱ्या सरावात प्रसंग अवघड करा: बाबा हाक मारली तरी ओ देत नाहीत. इथे आईंनी एकच गोष्ट शिकायची आहे. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, मध नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. फोन न लावता तो फोन बोलून बघा: गाव, तालुका, ओळखीची खूण, ‘डायबेटिसचे पेशंट आहेत, इन्सुलिन घेतात, बेशुद्ध आहेत.’ घाबरलेल्या माणसाला आपलाच पत्ता सांगता येत नाही. तो मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा.

सराव संपला की काय बोलता यावर बरंच अवलंबून आहे. ‘बघा, इथे चुकलात’ अशी सुरुवात केलीत तर पुन्हा बाबा बसणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. आधी त्यांना विचारा, कसं वाटलं? कुठे अडलं? मग आईंना. तुमचं निरीक्षण सगळ्यात शेवटी, तेही एखादंच. नातवंडांना त्या वेळी बाहेर खेळायला पाठवा. ज्या माणसाने उभं आयुष्य भरल्या गाडीत तिकिटाच्या पै-पैचा हिशोब चोख ठेवला, त्याची घरी परीक्षा घेतली जातेय असं त्याला वाटू देऊ नका. त्यांना शिकवणाऱ्याच्या जागी बसवा. ‘बाबा, मला आणि आईला शिकवा,’ म्हणा. शिकवताना त्यांच्याच लक्षात येईल की वहीतली कुठली ओळ हातात उतरलेली नाही.

ग्लुकोजचं पाकीट वरच्या फळीवरून खाली येईल, एक पुडी उशाशी, एक शर्टाच्या खिशात, एक अंगणाच्या दाराशी, हे सगळं पहिल्याच सरावानंतर आपोआप ठरेल. ते तुम्ही आधी सांगू नका, त्यांना सुचू द्या.

मग सवडीने आणखी काही प्रसंग बसून बोला. लग्नाला गेलात, ‘पंगत बसतेच आहे’ म्हणाले म्हणून इंजेक्शन घेतलं आणि पान वाढलं तासाभराने: अशा वेळी काय? तुमच्या मिक्स इन्सुलिनचं आणि जेवणाचं अंतर किती हवं हे प्रकाराप्रमाणे बदलतं, ते डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्या आणि समारंभात निदान पंगतीत जागा मिळेपर्यंत पेन बाहेर काढू नका. उलट्या-जुलाब सुरू झाले, काही पोटात ठरत नाही: इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, दर चार तासांनी शुगर बघायची, डॉक्टरांना फोन करायचा. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांतलं काही चालू असेल तर अशा दिवशी कुठली गोळी थांबवायची हे आजारी पडण्याआधीच विचारून ठेवा.

एक प्रसंग मात्र मी सोडू देणार नाही. पेन बिघडलं किंवा कार्ट्रिज संपली, दुकान बंद व्हायला आलं, आणि मेडिकलवाल्याने बाटली आणि सिरिंज दिली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज ४० ची, लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १०० युनिटचं असतं. पेन चालत नाही म्हणून कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर शरीरात २० नाही, ५० युनिट जातात. अडीचपट. उलट, ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेतली तर २० च्या जागी ८ च जातात. बाबांच्या समोर कागदावर ‘४०’ आणि ‘१००’ लिहिलेल्या दोन बाटल्या आणि दोन सिरिंज काढा, जोड्या लावायला सांगा. हिशोबाच्या माणसाला हे पटकन जमेल, आणि एकदा पटलं की ते गावातल्या दुसऱ्यांनाही सांगतील.

आता नर्स, नागपूर आणि सेन्सर. नर्स सकाळी आठला येईल, संध्याकाळी सातला येईल, सुई बरोबर टोचली जाईल. पण त्या संध्याकाळी इंजेक्शन चुकलं नव्हतं, ओळखायला उशीर झाला होता. त्या वेळी नर्स तिथे असतीच असं नाही. सेन्सर चांगली वस्तू आहे, परवडत असेल तर दोन आठवडे लावून रात्री शुगर पडते का ते बघायला फारच उपयोगी. पण तो त्वचेखालच्या पाण्यातली साखर मोजतो, रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, आणि त्याची घंटा वाजल्यावर उठून ग्लुकोज आणायचं काम माणसालाच करावं लागतं. भावाला सांगा, सेन्सर जरूर घे, पण घंटा वाजल्यावर काय करायचं त्याचीही तालीम आई-बाबांकडून करून घे. त्याला संगणकाची आवड असेल तर ‘आयडा’ नावाचा एक जुना फुकट प्रोग्रॅम इंटरनेटवर १९९६ पासून आहे. जेवण आणि इन्सुलिन बदलून शुगरची रेघ कशी हलते ते त्यात दिसतं. समजून घ्यायला छान, पण त्यावरून बाबांचा डोस ठरवायचा नाही.

नागपूरला आणण्याचा निर्णय मी आत्ता घेतला नसता. स्वतःचं अंगण, स्वतःची माणसं सोडून चौथ्या मजल्यावर आलेल्या माणसाचं चालणं बंद होतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. पण सराव करताना दुसरंच काही दिसलं तर माझं मत बदलेल. सकाळी इंजेक्शन घेतलं की नाही हे त्यांना आठवत नाही, डोस दोनदा घेतला जातो, चार वेळा करूनही टप्प्यांचा क्रम राहत नाही, तर ही गोष्ट सरावाने सुटणारी नाही. मग स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या, रोज कुणीतरी समोर बसून इंजेक्शन देईल अशी सोय करा. त्या वेळी नर्सचे पैसे सार्थकी लागतील.

हे पत्र वाचणारे काही जण एकटे राहत असतील. त्यांनी एक शेजारी निवडावा, त्याला चहाला बोलवावं आणि लो शुगरचा सराव त्याच्यासोबत करावा. घराची एक किल्ली त्याच्याकडे ठेवावी. आणि ज्यांचं इन्सुलिन याच आठवड्यात सुरू होणार आहे त्यांनी दवाखान्यातून निघण्याआधी म्हणावं, ‘मला दाखवू नका, माझ्या हातून एकदा करून घ्या.’ लाजू नका. ते त्यांचं कामच आहे.

ताई, एका सुट्टीत हे सगळं उरकू नका. पहिल्या खेपेला पेन आणि लो शुगर एवढंच पुरे. महिन्याने पुन्हा एकदा लो शुगरचा प्रसंग न सांगता उभा करा, फक्त बाबांना आधी विचारून ठेवा की असं चालेल ना. तिसऱ्या खेपेला सिरिंजच्या जोड्या. आणि पुढच्या तपासणीला आईंनाही सोबत न्या. डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी कागदावर: डोस कमी करायचा का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) कधी बघायचं, डोळ्यांची तपासणी कुठे, आणि आजारपणात कुठली गोळी थांबवायची. उत्तरं आईंनी लिहून घ्यावीत, बाबांच्याच वहीत.